जर-तर

सोहार बंदराच्या मागल्या अंगाला
आमच्या तीन पोर्टा-केबिन.
पहिलीत अर्ज, दुसरीत शिक्का,
तिसरीत खलफान साहेबांचं हिरवं पेन.
मधे सत्तर पावलं ऊन
आणि त्या उन्हात मोतालेब,
वाळू उडायला लागली की
फायली शर्टाच्या आत, पोटाशी.

जानेवारीत हुकूम आला: कागद बंद.
आता सगळं एकाच जागी, पडद्यावर,
सगळ्यांना दिसेल
कोण कुठल्या ओळीवर अडून बसलंय.
काम माझ्याकडे आलं, कारण मी डॉक्युमेंट कंट्रोलर
आणि मला नाही म्हणता येत नाही.

वडील आवक-जावक लिहायचे तालुक्याच्या कचेरीत.
जर-तरच्या गोष्टी त्यांना खपत नसत.
आत्याबाईला मिशा असत्या तर, एवढं म्हणून
ते वही मिटायचे.
मला इथे त्याच मिशांचा पगार.
जर रक्कम पाचशे रियालच्या वर, तर साहेबांकडे.
जर तीन दिवस उत्तर नाही, तर आठवण.
जर तरीही नाही, तर त्यांच्याही वर.
चौकोन, बाण, चौकोन.
रात्री जेवताना आमटीतही मला बाण दिसायचे.

पहिल्या आठवड्यात अर्ज सुसाट गेले
आणि सुसाट परत आले.
पंपाचं भाडं नामंजूर.
कॅम्पमधल्या खोलीचा कूलर नामंजूर.
दोन डझन हातमोजे, तेसुद्धा.

मोतालेब दाराशी.
हात मोकळे, म्हणून ते कुठे ठेवावेत
हे त्याला कळत नव्हतं.
मॅडम, तुम्ही सकाळी पाठवता?
सकाळी साहेब बोटाला सुई टोचतात.
आकडा वाढलेला असला
की सगळ्यांनाच नाही.
दुपारची नमाज होऊ द्यायची.
मग ते एक खजूर खातात, चोरून.
फाईल त्या खजुरानंतर.

किती वाजता, मी विचारलं.
असं घड्याळात नसतं ते, म्हणाला.
मग माझी अडचण ओळखून,
जरा घासाघीस केल्यासारखं:
एक दहा लिहा.

मी एक पायरी वाढवली.
थांबा, एक वाजून दहा मिनिटांपर्यंत.
पायरीला नाव द्या, असं आलं.
मी लिहिलं: मोतालेब.

कूलर मंजूर झाला.

बैठकीत मस्कतच्या पाहुण्यांनी चढता आलेख बघितला
आणि सॉफ्टवेअरचं कौतुक केलं.
मीही टाळ्या वाजवल्या.

एप्रिलमध्ये त्याने स्वतःचा अर्ज भरला,
माझ्या खुर्चीत, एका बोटाने.
आता इथे खेपा नव्हत्या, तो कायमचाच निघाला होता.
कारण: यादीतून निवडा.
वार्षिक रजा. आजारपण. विवाह. इतर.
यादी माझीच. तो यादीकडे बघत राहिला, मी खिडकीकडे.
शेवटी इतर.
इतरपुढे पन्नास अक्षरांची जागा, तीही मीच आखलेली.
त्याने बंगालीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
अठ्ठेचाळीस भरली.

एक चौदाला मंजुरी.
एकोणीस वर्षं, आणि खजुरानंतर चार मिनिटं.

कुणी वाचलं का मॅडम?

नोंद उघडून बघितली: नऊ सेकंद.
साहेबांना बंगाली येत नाही. मलाही नाही.
हो, म्हणाले.
भाषांतराचं बटण त्या ओळीशेजारीच आहे,
मी अजून दाबलेलं नाही.

आता जूनची दमट हवा, काचांना बाहेरून घाम.
रोज संध्याकाळी यंत्र मला दिवसाचा हिशेब पाठवतं,
कोणती पायरी कधी सुरू, कधी संपली.
मी खाली खाली जाते
आणि दर अर्जाच्या मधोमध तीच ओळ:

मोतालेब. थांबला. पूर्ण.
मोतालेब. थांबला. पूर्ण.

काल एक अर्ज अडकला, कारण कळेना.
तिथे नुसतं: मोतालेब. थांबला.
मी तो हाताने पुढे ढकलला नाही लगेच.