रुग्ण सात

सारांश फुकट होता.
दहा ओळी. अकराव्या ओळीच्या जागी करडी पट्टी:
पुढे वाचायचं असल्यास
एकोणचाळीस डॉलर पंच्याण्णव सेंट,
चोवीस तासांकरता.

कापड मार्केटात एकवीस वर्षं खाती लिहिली मी,
हात आपोआप कागदाच्या कोपऱ्याकडे गेला:
तीन हजार तीनशे, वर काही.
म्हणजे बावीस दिवसांच्या गोळ्या.
ओजस म्हणाला, आत्या, भरू का माझ्या कार्डावरून?
म्हटलं, राहू दे. चोवीस तासांत माझं वाचून व्हायचं नाही.
दुपारी डावी पापणी मिटते,
दिवेलागणीला उजवी.
बोटानं पापणी वर धरून
माणूस किती इंग्रजी वाचेल?

पण त्या दहा ओळींत होतं: मध्य भारतातील अकरा रुग्ण.

अकरा.
मला एम.वाय.चा बाक आठवला, दुसऱ्या मजल्यावरचा,
मधोमध खिळा वर आलेला,
दर बुधवारी आम्ही तो चुकवून बसायचो.
देवासची मुलगी, वर्गात जिला झोपाळू म्हणत.
महूचे निवृत्त बँडवाले, ट्रम्पेटवर ओठ आवळेनात म्हणून
आधी त्यांना वाटलं ट्रम्पेटच बिघडलं.
धारचा एक पोरगा, घोटाघोटाला थांबणारा.
आम्ही कधी स्वतःला मोजलं नव्हतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अभ्यासाला रक्त हवंय, सही इथे.
पाच नळ्या.
तेव्हा कुणी विचारलं नाही
चोवीस तासांकरता देताय
की कायमचं.

मार्चअखेरीला, मी वर्षाची खाती बंद करत असताना,
ओजसला त्याच पट्टीखाली बारीक अक्षरात एक दार सापडलं.
नाव, देश, आणि एक रिकामा चौकोन:
मी रुग्ण आहे.
दुकानात चार वर्षं हे लपवलं होतं मी,
शेठजींना सांगायचे, रात्री झोप होत नाही.
चौकोनात खूण केली.
आजार पहिल्यांदाच जमेच्या बाजूला लागला.

नऊ पानं. रामबागेतल्या झेरॉक्सवाल्याकडे अठरा रुपये.
रोज सकाळी दोन परिच्छेद,
ओजसच्या हातात शब्दकोश, माझ्या हातात पट्टी,
ओळ सुटू नये म्हणून.
सहाव्या पानावर गोळीच्या वेळेबद्दल एक वाक्य होतं,
चार वर्षांत मला कुणी न सांगितलेलं.
नव्या डॉक्टरांपुढे ठेवलं.
त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
आणि वेळ बदलून दिली.
आता जेवण संपेपर्यंत जबडा साथ देतो.

मग तक्ता दोन.
ओळ चौथी: पुरुष, त्रेसष्ट, वादक.
शेवटच्या रकान्यात छोटीशी खूण,
खूण काय सांगते ते पानाच्या तळाशी.
त्या दिवशी पुढे वाचलं नाही.
मला त्यांचं नावही माहीत नव्हतं,
फक्त ते खिळ्याच्या डावीकडे बसत.

ओळ सातवी: स्त्री, एक्केचाळीस, लेखनिक.
बर्फाची चाचणी: अधिक.
एवढंच, एक अधिक चिन्ह.
पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून
पिशवी काढली, आणि मला समोरची भिंत अख्खी दिसली,
कॅलेंडर, पाल, सगळं.
बाई हसल्या होत्या, मी रडले होते.
शेवटच्या रकान्यात लिहिलंय:
पाठपुराव्यातून गळाली.

बाईंची बदली झाली. बुधवारची ओपीडी बंद पडली.
मी तीन बुधवार जाऊन आले,
तिसऱ्या खेपेला बाकही नव्हता.
पत्ता त्यांच्याकडे होता, माझ्याच अक्षरातला.

कीर्दीत चूक सापडली की खोडत नाहीत,
आडवी रेघ मारून वर बरोबर नोंद,
शेजारी सही.
तसंच केलं. पेन्सिलीनं, बारीक:
हयात. हेमलता टोकेकर, रामबाग, इंदूर.
सकाळी दहापर्यंत यावे,
दोन्ही डोळे उघडे असतात.