रिकितेआत मोती निवडताना

एरेनी दोन वाडगी घेऊन बसते.
उजवीकडे पापीतेला जाणारे मोती,
डावीकडे टाकाऊ.
मधे टेबलाची उघडी फळी, तिच्यावर काही ठेवायचं नाही
असा मालकाचा दंडक.

तिचा बाप तोआतिकी ऑक्टोपस मोजायचा
आठाआठांच्या जुड्या बांधून. मग म्हणायचा,
ताकाऊ, पाउआ, तातउआ, वारू:
दहा जुड्या, वीस, चाळीस, ऐंशी.
(आपल्या कानाला ताकाऊ म्हणजे फेकून द्यायचं काही.
नव्हे. ती भरलेली पहिली पायरी.)
कागद नव्हता, खडू नव्हता.
वारूखालची प्रत्येक पायरी एकदाच घ्यायची
नाहीतर सोडायची, इतकाच हिशेब.

बहिणीचा नातू मानुहेरे शाळेतून येतो, दप्तर फेकतो, सांगतो,
मशीनला दोनच अंक कळतात, शून्य आणि एक,
आहे किंवा नाही, त्यातूनच गाणी, नकाशे, सगळं.
एरेनी मोती उजेडात धरून म्हणते,
म्हणजे ती माझ्या बापाची नातेवाईकच की.

शिंपल्यात बीज बसवण्याचं काम होपुआराचं.
बेटावर त्या बोटांना तोड नाही.
होपुआरा माहू आहे, बाई नव्हे, बुवा नव्हे,
आणि तिथल्या बोलीला ते अडत नाही:
कुणीही असो, एकच सर्वनाम, 'इया'.
अडते मी. माझ्या भाषेत तो, ती, ते
तीन दारं आहेत, आणि होपुआरा आल्यावर
क्रियापदाचा शेवट हातात धरून
मी उंबऱ्यातच उभी.
होपुआराला भूक लागलेली असते. भाजलेला मासा मागितला जातो.

रात्री धक्क्यावर मानुहेरे दक्षिणेचा ठळक तारा दाखवतो.
एक दिसतो, पण बाई म्हणाल्या दोन आहेत,
एकमेकांभोवती फिरतात, आणि ज्याच्याभोवती फिरतात
त्या जागी काहीच नाही.
एरेनीला नवऱ्याची आठवण येते. ती ते बोलत नाही.
चाकूने खेकड्याची नांगी फोडते.

गळ्यातली गाठ वाटाण्याएवढी.
पापीतेहून आलेल्या डॉक्टरीणबाई चित्र काढून सांगतात,
पेशी एकाची दोन होते, दोनाची चार,
तेच तर वाढणं, फक्त थांबायचं कळायला हवं.
बे एके बे एवढं एरेनीला येतं.
सहासष्टच्या जुलैत ती आठ वर्षांची होती,
अंगणात सुकत घातलेले मासे उलटत होती,
आणि चारशेवर किलोमीटरवर, मोरुरोआला,
केंद्रकं फुटत होती, एकाची दोन, एकाची दोन.
इकडे वारा आला. चांगला होता वारा.
मासे लवकर सुकले.
त्यांनी ते खाल्ले.

रिपोर्टवर दोन चौकटी होत्या.
एरेनीने आदल्या रात्री दोन्हींची तयारी केली:
एका पिशवीत पापीतेला नेायचे कपडे,
दुसरीत रविवारच्या चर्चसाठी फुलांची टोपी.
डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या,
खाली पेनाने लिहिलं, निश्चित सांगता येत नाही,
सहा महिन्यांनी परत या.
ती टोपी घालूनच कामावर आली.

आज एक मोती निघाला,
अर्धा राखी, अर्धा शेवाळी,
कमरेला वळ उठल्यासारखी एक कडा.
विकला जाईल म्हणावं तर डाग,
फेकावा म्हणावं तर होपुआराने मान हलवली.
एरेनीने तो दोन वाडग्यांच्या मधे,
फळीवर ठेवला.

संध्याकाळी मालक मोजदाद विचारतो.
एक वारू, ती म्हणते, एक पाउआ,
आणि हा.
त्याच्या वहीत दोन रकाने आहेत.
पेन उघडं धरून तो
पान उलटून पाहतो.