घासलेली जागा

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात आयव्हिन आजोबांनी
कानशीनं तिच्यावरचा जर्मन गरुड घासून काढला.
पुढचं लाकूड कापून चुलीत सारलं,
त्यावर कॉफी उकळली, म्हणे.
दस्ता नवा, बर्चचा.
त्याला जवसाचं तेल आजी चोळायची,
बोलायची नाही.

तेव्हापासून फक्त मूस.

पण नेमाच्या पट्टीवर आकडे
अजून दोन हजार मीटरपर्यंत.
एवढ्या लांबून मूस कोण मारतं?
विचारलं, तर बिनसाखरेची कॉफी
ते बराच वेळ ढवळत राहिले.

आज ग्लोमाकाठी मी एकटी, तिला घेऊन.
गरुडाच्या खळग्यात अंगठा बसला.
मादीमागून पिल्लू आलं.

बोल्ट मागे ओढला.
उडालेलं काडतूस बर्फात शोधण्यात
अर्धा तास गेला.
काडतुसं महाग झालीत.