पाठीला डबा

डुलुथचं घर विकलं तेव्हा
अच्युतने सगळं सोडलं, बर्फाचं फावडं सोडेना.
"असू दे गं, कुठे खायला मागतंय."
सव्वीस हिवाळे त्याने दारापासून रस्त्यापर्यंत
ती एकच वाट उकरली होती,
रोज सकाळी,
जणू कालची रात्रीतून कुणी चोरून नेई.

आता लॉडरडेल-बाय-द-सी.
नाव असं की पत्ता सांगतानाच धाप लागते.
दोन खोल्या, समोर पेलिकन,
आणि नोव्हेंबरात घाम.
पहिल्या आठवड्यात लोकरी मोजे हातात धरून
कपाटापुढे मी नुसती उभी राहिले,
कुणाला तरी सांगायचं राहून गेल्यासारखी.

रस्ता ओलांडला की समुद्र,
हाकेच्या अंतरावर प्रवाळ.
लोक चालत निघतात,
पाठीवर टाकी, काखेत लाल झेंडा,
मंडईत निघाल्यासारखे.
दुकानातल्या मारिसेलने विचारलं, वय?
एकोणसाठ.
पोहता येतं?
येतं. किकलीच्या विहिरीत शिकले.
बापूकाकांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला
आणि काही न सांगता ढकललं.

तिनेही माझ्या पाठीला डबाच बांधला.
भरलेला, हवेने.
तो तरंगायला होता, हा बुडायला.
मधे एकावन्न वर्षं.

अर्जावर वीस आजार छापले होते.
गुडघा त्यात नव्हता,
मीही आपणहून बोलले नाही.

शिकवणी एका मोटेलच्या तलावात.
नियम पहिला : श्वास कधीही रोखायचा नाही.
हा मला जड गेला.
सासरी, ऑफिसात, इमिग्रेशनच्या रांगेत
दुसरं काय केलं होतं मी?
मग नाक दाबून हवा ढकलायची.
आमच्याकडे नाक दाबलं की तोंड उघडतं,
इथे कान उघडले.
आणि अंगठा वर म्हणजे "छान" नाही,
म्हणजे "वर चला".
पहिल्या दिवशी मी सारखी छान म्हणत राहिले
आणि ती बिचारी मला सारखी वर आणत राहिली.

मे महिन्यात जोडीदार मिळाला लॉइड,
निवृत्त पोस्टमन, सत्तरीचा.
कानातलं यंत्र काढून चपलेत ठेवायचा.
म्हणे, खाली सगळेच माझ्यासारखे.

तसं नव्हतं पण.
खाली आवाज होता,
कुणीतरी शेजारच्या खोलीत चिक्की फोडत असावं तसा.
पोपटमासे दगड कुरतडत होते.
लॉइडला तो कसा ऐकवणार?
मी त्याचा दंड धरला,
माशाकडे बोट केलं
आणि बोटांच्या चिमटीने त्याच्या मनगटावर
कट कट कट वाजवलं.
त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा एक लोंढाच सुटला.
तो हसत होता.

वीस फुटांवर लाल रंग विटतो.
माझी नखं, सुनेने हट्टाने रंगवलेली,
चिंचेसारखी दिसायला लागली.
कपारीखाली एक नर्स शार्क,
जेवण जड झाल्यासारखी, कुशीवर.
तिने एक डोळा उघडला, मला पाहिलं,
आणि परत मिटला.
या देशात आल्यापासून
इतक्या कमी चौकशीत मला कुणीच आत घेतलं नव्हतं.

काटा सातशेवर आला. लॉइडने अंगठा वर केला.
वर म्हणजे वर.

किनाऱ्यावर रात्रीतून शेवाळ येऊन पडलं होतं,
तपकिरी, गुडघाभर, कुबट वासाचं.
आणि त्यात अच्युत,
अर्ध्या चड्डीत, बर्फाचं फावडं घेऊन.
नळापासून पाण्यापर्यंत
त्याने एक वाट मोकळी केली होती,
बरोबर दारापासून रस्त्याएवढी.
उद्या परत भरणार.
त्याला ते माहीत होतं, चेहऱ्यावरून.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.
माझ्या तोंडात अजून नळी होती.
मी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला,
उंच धरला.
"शून्य?" तो म्हणाला.
"एवढा वेळ खाली राहून?"
आणि बाजूला सरकला, मला वाट द्यायला.