तिघाडा

कॅमेरा कुठला, हातिमभाईंनी विचारलं.
कॅमेरा नाही, मोबाइल, म्हटल्यावर
कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन
त्यांनी मला नीट पाहिलं,
चष्मा पुन्हा वर सरकवला.

बोरा बाजारातलं दुकान,
दोन माणसं आणि एक शिडी मावेल एवढं.
कोपऱ्यात ट्रायपॉड उभे,
आश्विनात मिटून ठेवलेल्या छत्र्यांसारखे.

आधी ॲल्युमिनियमचा निघाला, दीड किलो.
मग कार्बनचा, किलोच्या आत,
किंमत माझ्या दौऱ्याच्या भत्त्यापलीकडे.
"वजन घटवायचं तर पैसे जास्त," ते म्हणाले,
"जिमवाल्यांना विचारा."

आज परभणी, परवा गडहिंग्लज,
सहकारी बँकांची दप्तरं तपासते मी.
बॅगेत लॅपटॉप, दोन साड्या, शिक्क्यांचा डबा.
रात्री लॉजवर फोन तांब्याला टेकवून ठेवते.
तो घसरतो,
तोही नेमका वाक्याच्या मध्यावर,
आणि मुलुंडला बसलेल्या उन्मेषला
छताचा पंखा दिसत राहतो, गरगर,
माझं क्रियापद कुठे गेलं ते कळत नाही.

हे मात्र मी दुकानात सांगितलं नाही.
भावाला ऐकू येत नाही म्हटलं
की लोक माझ्याशीच मोठ्यानं बोलू लागतात.

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात.
एका हातात फोन धरून
आमचं धड भांडणही होत नाही.
मी तोतरी होते.
तो वाट पाहतो, मग जांभई देतो.

तर, खटक्याचे लॉक की पिळायचे?
खटक्यात नख तुटलं, तिथेच, त्यांच्यादेखत.
पिळायचे.
पाय चार तुकड्यांचे की पाच?
पाच असले की बॅगेत मावतो,
पण शेवटचा तुकडा बोरूएवढा.
चार.
मधला दांडा वर ओढला की डोलतो, ओढू नका.
खाली आकडा आहे, पिशवी लटकवा,
वाऱ्यात हलणार नाही.
लॉजच्या खोलीला खिडकीच नसते, हातिमभाई.

"फ्रेममध्ये काय हवं?"
कमरेपासून डोक्याच्या वर वीतभर.
"डान्स शिकवता?"
नाही. बोलते.

ते गप्प झाले. विचारलं नाही काही.
ट्रायपॉड उचलून बाहेर फुटक्या पायरीवर नेला,
एक पाय गटाराच्या झाकणावर,
दुसरा पायरीवर, तिसरा कुणाच्या तरी चपलेवर.
मी म्हटलं, आमच्यात म्हण आहे,
तीन तिघाडा, काम बिघाडा.
"चार पायांचं टेबल इथे ठेवून दाखवा," ते म्हणाले,
"खाली कागदाची घडी सारावी लागेल.
तिघांचं कुठेही जमतं. चूल बघा ना."
उभा राहिला खरा.
चपलेचा मालक येईपर्यंत.

मग आत काउंटरवर ठेवून मी फोन लावला.
उन्मेष कामावर होता, दातांचे साचे बनवतो,
बोटांवर वाळलेलं प्लास्टर,
म्हणून त्याचे शब्द आज पांढरे.
घेतलास? हो. केवढ्याला?
मी आकडा सांगितला, दोन्ही हातांनी, सावकाश,
कुठेही न घसरता.
लुबाडलं तुला, तो म्हणाला.
आणि आम्ही भांडलो,
आठवड्यानं, पोटभर,
आईच्या पेन्शनच्या कागदांवरून, ट्रायपॉडचा विषय सोडून.

हातिमभाई हळूच फ्रेममध्ये डोकावले.
उन्मेषनं त्यांच्याकडे बोट केलं,
मग दोन बोटांनी हवेतला चष्मा
कपाळावर सरकवला.
झालं. नाव पडलं.
आमच्यात बारसं एवढंच असतं,
घुगऱ्या नाहीत, कानात सांगणं तर नाहीच.

"काय म्हणाले भाऊ?"
दोनशे कमी करा म्हणतात.
"शंभर," ते म्हणाले, आणि बिलबुक शोधताना
चष्मा वर सरकवत
स्वतःचं नाव घेतलं दोनदा.

पिशवी नको म्हटलं मी.
हात मोकळे नव्हते, तरी.