दोन घन इंच

नॉर्थम्बरलंडमधल्या आमच्या रांगेत बत्तीस घरं,
मागे बत्तीस परसं, प्रत्येक परसात एक चर.
चरात लीक.
कांद्याच्याच गोत्रातलं, पण अंगाने थोराड,
पोटरीएवढं जाड
आणि पोटच्या पोरांहून लाडावलेलं.

एडगर पहाटे खाणीत उतरायचा,
दुपारी काळाठिक्कर होऊन वर यायचा
आणि अंघोळीआधी चराकडे जायचा.
एकेक पान पुसायचा
दुधात बुडवलेल्या फडक्याने.
दूध माझ्या चहातलं.

खत कशाचं, हे त्याने बारा वर्षांत सांगितलं नाही.
वास कुठे लपतो?
मेंढीच्या लेंड्या, शिळी बिअर, काळी साखर,
आणि एकदा खाटकाकडून झाकून आणलेली बादली,
जिच्याबद्दल मी विचारलं नाही.

सप्टेंबरात क्लबात प्रदर्शन असतं.
त्या वर्षी पहिलं बक्षीस होतं
कपडे धुण्याचं यंत्र.
क्लबच्या खिडकीत मांडलेलं,
पांढरंशुभ्र, गोल काचेच्या दाराचं.
दर सोमवारी माझे हात सोड्याने सोलून निघत.
मी पहिल्यांदाच लीकची चौकशी केली.
एडगर इतका हरखला
की माझी मलाच लाज वाटली.

जुलैत कथबर्ट रिडली दवाखान्यात गेला.
फुप्फुसं. आमच्याकडे एवढं म्हटलं की पुरतं.
कथबर्ट म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजारी,
खाणीतला जोडीदार
आणि चरापुरता हाडवैरी.
त्याची बायको मेव्हिस; तिच्या हाताखाली
कुंडीतला पुदिनासुद्धा जगला नव्हता.

दोन संध्याकाळी एडगर कुंपणाशी नुसता उभा राहिला.
तिसऱ्या संध्याकाळी झारी घेऊन पलीकडे गेला.
मी खिडकीतून मोजलं:
आमच्या चराला चार झाऱ्या, त्यांच्या चराला चार.
"तिकडे तीन घाल," मी म्हटलं. खरंच म्हटलं.
ते गोल दार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.
तो म्हणाला, "मग मी हरवलं कुणाला?"

ऑगस्टअखेर तो रात्री पहाऱ्याला बसू लागला.
कुणीतरी अंधारात सुरी फिरवून जातं,
असं होतं आमच्याकडे, चांगल्या घरांतली माणसं करतात.
मांडीवर टॉर्च, गळ्याला मफलर,
आणि खुर्ची अशा बेताने ठेवलेली
की दोन्ही चर दिसावेत.

परीक्षकाने पट्टी लावली, दोरी लावली,
आकडे मांडले, चष्मा पुसून पुन्हा मांडले.
कथबर्ट पहिला.
एडगर दुसरा, दोन घन इंचांनी.
म्हणजे एक काडेपेटी, फार तर.

चाकाच्या खुर्चीत, सैल पडलेल्या कोटात,
कथबर्ट हमसून हमसून रडला.
एडगरने टाळ्या वाजवल्या,
दुसऱ्या बक्षिसाची इस्त्री काखेत मारली
आणि घरी येऊन तीन दिवस बोलला नाही.
संत नव्हताच तो.

रविवारी रिवाजाप्रमाणे सगळं लीक चिरून
क्लबच्या मोठ्या पातेल्यात गेलं,
पहिलं, दुसरं, सतरावं.
एडगरने दोन वाडगे सूप संपवलं
सावकाश, घोटाघोटाला थांबत,
जणू फरक अजून सापडेल.

सोमवारी मेव्हिसने कुंपणावरून हाक मारली,
"तुझेही आण गं, जागा आहे."
आम्ही दोघी स्टुलं ओढून यंत्रापुढे बसलो.
काचेआड एडगरची बंडी
कथबर्टच्या पायजम्यात अडकली, सुटली, परत अडकली.
पाणी आधी काळं झालं, मग करडं.
खूप वेळ आम्ही काहीच केलं नाही.
कामाच्या दिवशी!

बुधवारी पावाला लोणी लावता लावता एडगर म्हणाला,
"एखादी झारी तिकडे जास्तच पडली असणार.
परक्याचं म्हटलं की हात सढळ होतो."
मग कथबर्टकडे जाऊन
त्याच्या लीकची रोपं मागून आणली,
आणि उजेड होता तोवर
पुढच्या वर्षीचा चर खणत राहिला,
या खेपेला अर्धा फूट जास्त खोल.