दगडांची मांडणी

सहा फुटी काच, वर दोन निळे दिवे,
खाली पंपाची घरघर,
वीज गेली की मगच जिची आठवण होते.
आत एकच सोहल.
फूटभर लांब, अंगावर निळ्या-पांढऱ्या रेघा
कुणी हिशेबाला आखून ठेवाव्यात तशा,
आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांना
नारिंगी म्यानात एकेक नस्तर.
सर्जन मासा म्हणतात याच्या जातीला.
बरं मात्र तो कुणाला करत नाही.

समुद्र मी बादलीतून आणतो.
वीस किलो परदेशी मीठ, पावतीवर जीएसटी.
फिल्टरच्या पाण्यात ढवळायचं, रात्रभर ठेवायचं,
सकाळी भिंगाच्या नळीला डोळा लावायचा:
एक पूर्णांक शून्य दोन पाच.
आबा त्याआधीच सोफ्यावरून उठलेले असतात.
वय एक्क्याऐंशी. त्यातली बावीस वर्षं मिठागरात.
बोट बुडवतात, जिभेला लावतात.
"पानी कच्चा हाय अजून."
नळीत बघतो. दोन घरं कमी.

पहिली बादली आली तेव्हा ते पोटभर हसले होते.
करावे गावात, आमच्या घरात, मीठ विकत!
मग झाकण उलटून पालटून बघत
हळूच विचारलं, कुठल्या आगराचा हाय?

मे महिन्यात लेकीने हट्ट धरला, एक पिवळा हवा.
आणला. तिने नाव ठेवलं हळद्या.
सोहल आधी नुसता आडवा झाला,
मग जाता जाता काही विसरल्यासारखा वळला,
आणि हळद्याच्या कुशीवर एक रेघ.
संध्याकाळपर्यंत तीन.
बाहेरून आरसा लावला. आरशाशी चार तास भांडला,
मधल्या वेळात येऊन
हळद्यालाही देऊन गेला.

दुकानातला मुबीन फोनवर म्हणाला,
दगड हलवा, साहेब.
एकूण एक. गुहा मोडा, कडा फिरवा,
उजवीकडचं डावीकडे.
जागा ओळखू आली नाही
की हक्क सांगत नाही तो.

मी स्पीकरवर ठेवला होता फोन.
आबा नोरीचा कागद फाडत होते क्लिपला लावायला,
ते फाडतच राहिले,
बारीक, आणखी बारीक.

रविवारी कोपरापर्यंत हात घातला.
चाळीस किलो दगड, एकेक.
शेवटच्या मोठ्याला हात लावला आणि
काय झालं ते दिसलंही नाही,
पाण्यात फक्त लाल धूर.
बायको कापूस शोधायला धावली.
आबा जागचे हलले नाहीत. म्हणाले,
"त्याची जागा हाय ती. कं सोरल?"

दगड तरी मी हलवलाच.

सोहल दिवसभर कोपऱ्यात, रेघा फिकट.
हळद्या मधोमध, नोरी कुरतडत.
काम झालं, मुबीन म्हणाला.

मंगळवारी आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं स्कूटरवरून,
सेक्टर चव्वेचाळीस.
सिग्नलच्या अलीकडे त्यांनी डावा खांदा दाबला.
"वळ. म्होरं बांध हाय."
पुढे मिठाईचं दुकान होतं, त्यावर जिम,
काचेआड एक मुलगी धावत होती, जागच्या जागी.
मी सरळ घेतली.
आबांनी सही कुठे केली, कुणी कागद पुढे धरला,
मी कधी विचारलं नाही.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या इमारतीत
चौथ्या मजल्यावर वाढलो,
विचारायचं सुचलंही नाही.

रात्री पाण्याला उठलो तर निळा दिवा चालू.
आबा काचेसमोर स्टूल घेऊन.
सोहल पोहत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि मधे, बरोबर मधे,
काही नसताना अंग चोरून वळत होता.
जाताना. येताना.
"बगितलंस?" आबा म्हणाले,
आणि बोटाने काचेवर
तो मोठा दगड काढून दाखवला,
तळापासून वरपर्यंत, खाचखळग्यांसकट,
जिथे आता नुसतं पाणी आहे.